घराचा कर्ता कोण?

नोबेल पारितोषिकाचें नांव आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. वास्तुकलेला मात्र त्यांत स्थान नाहीं. तिच्यासाठीं शिकागो येथील प्रिट्झकर घराण्यानें १९७९ सालीं एक स्वतंत्र पारितोषिक सुरू केलें. १ लक्ष डॉलर व ब्राँझचें पदक असें त्याचें स्वरूप असून, पदकावर टिकाऊपणा, उपयुक्तता आणि आनंद या अर्थाचे तीन शब्द कोरलेले आहेत. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस यानें दोन हजार वर्षांपूर्वीं सांगितलेले उत्तम इमारतीचे हेच ते तीन गुण.

१९९१ सालीं हें पारितोषिक रॉबर्ट व्हेंचुरी यांना मिळालें. त्यांच्या पत्नी आणि व्यवसायांतील भागीदार डेनिस स्कॉट ब्राउन यांचें नांव त्यांत नव्हतें. तें मागाहून घालावें अशी मागणी २०१३ सालीं झाली, ती अमान्य करण्यांत आली. कचेरी दोघांची आणि मान तेवढा एकाचा! मला तरी हा न्याय पटत नाहीं.

२०१८ सालीं हा मान प्रथमच एका भारतीयास, बाळकृष्ण दोशी यांस, लाभला. त्यांचा जन्म १९२७ सालीं पुण्यास झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें शिक्षण, पॅरिसला ल कॉर्ब्यूझिए यांच्या हाताखालीं उमेदवारी, आणि कर्मभूमि अहमदाबाद. २०२३ सालीं ते निवर्तले.

त्यांच्या कामांत इंदूरची अरण्य वसाहत मला सर्वांत विचार करावयास लावणारी वाटते. सुमारें ६,५०० घरांची ही योजना मुख्यतः गरिबांसाठीं होती. आधीं इंदुरांतील झोपडवस्त्यांत लोक आपलीं घरें स्वतः कशीं उभारतात, याचें निरीक्षण करण्यांत आलें. हातावर पोट असलेल्या माणसास पुऱ्या घराचे हप्ते झेपत नाहींत. पण चार पैसे गांठीस आले कीं तो एक भिंत चढवितो, पुढच्या सालीं पत्रे घालतो. म्हणून अशा कुटुंबांना तयार घर दिलेंच नाहीं. जोतें घातलेला लहानसा भूखंड, नळ, संडास आणि फार तर एक खोली, एवढेंच दिलें. ओटा, जिना, माडी ज्यानें त्यानें ऐपतीप्रमाणें बांधावयाची. नमुन्यादाखल ८० घरें तेवढीं दोशींनीं उभारून दाखविलीं.

मग या घरांचा कर्ता कोणास म्हणावें? आगाखान वास्तुकला पारितोषिकाची रीत या बाबतींत अधिक उदार आहे. त्याच्या रकमेंत वास्तुविशारदाबरोबर गवंडी, कारागीर आणि घरमालक यांनाहि वाटा देतां येतो. अरण्यास तें १९९५ सालींच मिळालें होतें. त्या वेळीं तेथील कित्येक घरांवर माडी चढावयाची होती.