विश्लेषण : तुरटी फिरवली की गढूळ पाणी का निवळते?

मुरबाड तालुक्यातील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेची यात्रा आणि बैलबाजार यांसाठी ओळखले जाते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो. ओढ्यांना गढूळ पाणी येते, उघड्या विहिरींतही माती उतरते. अशा वेळी हंड्यात तुरटीचा खडा फिरवण्याची पद्धत जुनी आहे. काही तासांत गाळ तळाला बसतो. हे काम करतात ते आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले किंवा मिळवलेले अणू. मात्र निवळलेले पाणी पिण्यास सुरक्षित असतेच असे नाही.

आयन म्हणजे काय?

अणूच्या केंद्रकात धनप्रभारित प्रोटॉन असतात आणि केंद्रकाभोवती ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन. दोघांची संख्या सारखी असल्याने अणू एकूण उदासीन असतो. इलेक्ट्रॉन गेला तर प्रोटॉनची बाजू वरचढ होते आणि धन आयन तयार होतो. इलेक्ट्रॉन मिळाला तर ऋण आयन. या सगळ्यात केंद्रकातील प्रोटॉनची संख्या बदलत नाही, म्हणून मूलद्रव्य तेच राहते.

‘आयन’ हा शब्द मायकेल फॅरेडे यांनी 1834 मध्ये रूढ केला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘जाणारा’. विजेच्या प्रभावाखाली द्रावणातून एखाद्या टोकाकडे जाणारे कण, म्हणून हे नाव. इलेक्ट्रॉनचा शोध मात्र 1897 मध्ये जे. जे. थॉमसन यांनी लावला.

तुरटीत कोणते आयन असतात?

नेहमीच्या तुरटीत पोटॅशियम, अ‍ॅल्युमिनिअम, सल्फेट आणि पाणी असते. अ‍ॅल्युमिनिअमच्या अणूत 13 इलेक्ट्रॉन 2, 8, 3 अशा कक्षांत असतात. बाहेरचे 3 गेले की 8 इलेक्ट्रॉनांची भरलेली कक्षा उरते आणि आयनावर 3 धनप्रभार येतात. पोटॅशियमचे 19 इलेक्ट्रॉन 2, 8, 8, 1 असे असतात. तो 1 इलेक्ट्रॉन देतो.

एका गंधकाचा आणि चार ऑक्सिजनचे अणू मिळून बनलेल्या सल्फेट गटाकडे 2 इलेक्ट्रॉन जास्त असतात. तुरटीत एक पोटॅशियम, एक अ‍ॅल्युमिनिअम आणि दोन सल्फेट हे प्रमाण असते. दिलेले इलेक्ट्रॉन 1 अधिक 3, म्हणजे 4. घेतलेले 2 अधिक 2, म्हणजे 4. हिशेब जुळतो. म्हणूनच खडा हातात घेतला तर शॉक बसत नाही.

अणूतून इलेक्ट्रॉन फुकट निघत नाही, त्याला ऊर्जा लागते. विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांना घट्ट धरून स्फटिक बनवतात, तेव्हा ती ऊर्जा भरून निघते.

पाण्यात टाकल्यावर आयन तयार होतात का?

नाही. खड्यातही ते आयनच असतात, फक्त एकमेकांना धरून बसलेले. पाणी त्यांना सुटे करते. विरघळताना क्षार आयनांत विलग होतात, हा सिद्धांत स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनियस यांनी मांडला आणि त्यासाठी त्यांना 1903 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मग गाळ खाली कसा बसतो?

चिकणमातीचे बारीक कण ऋणप्रभारित असतात. यामागेही आयनच आहेत. मातीच्या स्फटिकात 4 धनप्रभारांच्या सिलिकॉनच्या काही जागा 3 धनप्रभारांच्या अ‍ॅल्युमिनिअमने घेतलेल्या असतात, त्यामुळे ऋणप्रभार शिल्लक राहतो. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात. म्हणून कण एकत्र येत नाहीत आणि दिवसचे दिवस तरंगत राहतात.

तुरटीतला अ‍ॅल्युमिनिअम हे ढकलणे मोडतो. 1 प्रभाराच्या आयनापेक्षा 3 प्रभारांचा आयन या कामात कितीतरी पटींनी प्रभावी ठरतो. शिवाय पाण्याशी अभिक्रिया होऊन अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके तयार होतात. ते मातीचे कण गोळा करत तळाला जातात.

निसर्गातही असे घडते. मुरबाड, शहापूरची माती घेऊन जाणाऱ्या काळू आणि भातसा नद्यांचे पाणी उल्हास नदीतून वसईच्या खाडीत पोहोचते. तिथे समुद्राच्या खाऱ्या पाण्यातील आयन भेटले की बारीक गाळ एकत्र येऊन बसू लागतो. खाडीकाठच्या चिखलामागे हेही एक कारण आहे.

निवळलेले पाणी लगेच प्यावे का?

नाही. गाळाबरोबर काही जंतू खाली बसतात, सगळे नाही. त्यामुळे तुरटीनंतर निर्जंतुकीकरण हवेच. क्रमही महत्त्वाचा आहे. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात आणि सोबतचा कचरा क्लोरीन खर्च करून टाकतो. म्हणून आधी तुरटी, मग क्लोरीन.

ग्रामपंचायती विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर पाण्यात हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन तयार करते. जंतूंचा पृष्ठभाग ऋणप्रभारित असतो. त्यामुळे ऋणप्रभारित आयनापेक्षा उदासीन आम्ल आत सहज शिरते आणि जंतू मारण्यात जास्त प्रभावी ठरते.

घरी काय करावे?

स्वच्छ तुरटी पाण्यात थोडा वेळ फिरवावी आणि भांडे काही तास हलवू नये. वरचे पाणी हळूच ओतून स्वच्छ कापडातून गाळावे. त्यानंतर ते खळखळून उकळावे, किंवा बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे मेडिक्लोर घालून किमान अर्धा तास थांबावे. तुरटी जास्त वापरू नये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार अ‍ॅल्युमिनिअम लिटरमागे 0.03 मिलिग्रॅमपर्यंत असावे, पर्यायी स्रोत नसल्यास कमाल मर्यादा 0.2 मिलिग्रॅम आहे.

नायट्रेटसारखे पाण्यात विरघळलेले आयन मात्र तुरटीने बसत नाहीत आणि उकळूनही जात नाहीत. ते डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यासाठी विहीर किंवा बोअरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो.