काडी सरकवा, हात काढा

काडेपेटीतली एक काडी टेबलावर ठेवायची, फोटो घ्यायचा. काडी तसूभर सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, पुन्हा फोटो. स्टॉप मोशनची कृती एवढीच. १९१५ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी याच पद्धतीने ‘आगकाड्यांची मौज’ केली. ते काम कसं असेल हे अजमावायला मी मोबाइल स्टँडवर लावून बसलो आणि आधी पंखा बंद केला. मग खिडकीचा पडदा ओढला, कारण ढग आला की उजेड बदलतो आणि चालू फिल्ममध्ये तो लुकलुकतो. बाहीचा नुसता स्पर्श झाला तरी शेजारची काडी पुढच्या चित्रात उगाच दचकते. काडी हलवणं सोपं आहे. बाकीच्या सगळ्या जागच्या जागी राखण्यात जीव जातो.

शिवाय दर वेळी सारखंच अंतर सरकवलं तर काडी नुसती घसरते. निघताना थोडं, मधे जास्त, थांबताना पुन्हा थोडं, असं केलं की ती चालायला लागते.

मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रं धरली, तर मिनिटभराच्या मौजेला ९६० चित्रं लागतात. त्यात फिल्म धुतल्याशिवाय काय जमलं, काय फसलं ते कळायचं नाही. मी मधेमधे मागचं पाहून घेत होतो. ती चैन फाळक्यांना कुठली!

युरोपात हे खेळ आधीच सुरू झाले होते. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्या नाचवल्या. लिथुआनियातल्या कौनासमध्ये स्तारेविच यांना शिंगवाल्या भुंगेऱ्यांची झुंज टिपायची होती, पण दिव्यांच्या झोतात भुंगेरे हलेनात. मग त्यांनी मेलेल्या भुंगेऱ्यांना तारेचे पाय लावून १९१० मध्ये ती झुंज लावून दिली.

फाळक्यांचा हात आगकाड्यांआधी वाटाण्यावर बसला होता. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक चित्र टिपत घेतली. ती फिल्म दाखवूनच ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा राहिला, म्हणून वाटाण्याची गोष्ट सगळे सांगतात. पण वाटाणा आपला आपण वाढला. फाळक्यांनी फक्त वेळ साधली. काड्यांना चाल माणसालाच द्यावी लागते. त्यामुळे आपल्याकडच्या अ‍ॅनिमेशनचा पहिला धडा म्हणून मी आगकाड्यांनाच मान देईन.

सुट्टीत मुलांकडून हे जरूर करून घ्या. फक्त काड्यांची गुलं आधी काढून टाका.