दोन रस्त्यांची एक सायकल

श्रावणातल्या एका सकाळी गावाकडून पुतण्याचा फोन आला. ''काका, ती सायकल परभणीला घेऊन जा. पोरीला काही जमंना.''

सायकल मीच घेऊन दिलेली. पोरगी म्हणजे माझी नात, यंदा सातवीत. आमचं गाव जिंतूर रस्त्यावरच्या एका फाट्यापासून आत आहे आणि शाळा फाट्याच्याही पुढे. म्हणजे दोन किलोमीटर पाणंद, मग तीन किलोमीटर डांबरी. जूनमध्ये मी हौसेनं अकरा हजारांची सायकल आणली. पुढे-मागे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, एकवीस गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि रंग असा की गल्लीतली पोरं गोळा व्हावीत. दुकानातला तरुण म्हणाला, ''सर, ही डोंगरावर चालते.'' आमच्या गावाला डोंगर नाही, चिखल आहे, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. बत्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांची कर्जप्रकरणं तपासली. घेतलेली वस्तू ज्या कामासाठी घेतली त्या कामाची आहे का, हे पाहिल्याशिवाय सही केली नाही. स्वतःच्या खरेदीत मात्र ते पाहायचं राहून गेलं.

गावी गेलो तेव्हा सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. चाक आणि सांगाड्याच्या मधे काळी माती वाळून दगड झालेली. मागच्या चाकाशी गिअर बदलणारा जो भाग जमिनीलगत लोंबतो, त्यात पऱ्हाटीची काडी अडकून तो वाकला होता. नातीनं ते धूड निम्म्या पाणंदीतून ओढत घरी आणलं होतं. चाचणीचा पेपर बुडाला, आणि नंतरचे आठ दिवस ती घरीच होती. ''आबा, चाकच फिरंना,'' एवढंच ती म्हणाली. घरातल्यांचा निकाल लागला होता, की पोरीला सायकल जमत नाही. सायकलीला पाणंद जमत नाही, असं कोणी म्हणत नव्हतं. ''आता शाळेचं पुढच्या वर्षी बघू,'' असं पुतण्या हळूच बोलून गेला. आमच्या भागात या वाक्याचा अर्थ काय होतो, ते मुलींना पक्कं ठाऊक असतं.

मला माझी पहिली शाखा आठवली. १९८४ साल, गंगाखेड तालुका. कर्जदारांच्या विहिरी पाहायला शाखेतली काळी, दांड्याच्या ब्रेकची सायकल घेऊन जायचो. डांबरीवर ती बैलगाडीसारखी संथ, पण इमानी. पाऊस झाला की मात्र मडगार्डात माती ठासून बसायची आणि मग सायकल माझ्यावर बसायची. एकदा एका शेतकऱ्यानं मला सायकल खांद्यावर घेऊन येताना पाहिलं आणि काही न बोलता पान्हा आणून पुढचं मडगार्ड काढून हातात दिलं. विहिरीच्या मापापेक्षा त्या दिवशी मी तेच जास्त शिकलो. अशा सायकली करणाऱ्या अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. असो.

तर मूळ मुद्दा चिखलाच्या जागेचा. चाक आणि मडगार्ड, तसंच चाक आणि सांगाडा यांच्या मधून निदान दोन बोटं मोकळी गेली पाहिजेत. हे दुकानात उभ्या उभ्या पाहता येतं, आणि कोणी पाहत नाही. टायर फार बारीक नको. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, त्यात बारीक चाक रुततं. फार जाडही नको, कारण डांबरीवर तेच टायर ओढावं लागतं. दीड ते दोन इंच रुंदी, नक्षी मधे सपाट आणि कडेला खोल, हे दोन्ही रस्त्यांना पुरतं. पाणंदीसाठी हवा थोडी कमी, डांबरीसाठी टणक. स्वस्तातले शॉकअ‍ॅब्सॉर्बर वजन वाढवतात आणि पायातला निम्मा जोर स्वतःच खातात. गंमत अशी, की कॅलिफोर्नियातल्या ज्या पोरांनी १९७०च्या दशकात डोंगरी सायकलीचा खेळ सुरू केला, त्यांनी जुन्या, जाड टायरच्या, बिनशॉकच्या सायकलीच उतारावरून पळवल्या होत्या. डिस्क ब्रेक चिखलात चांगले चालतात, हे कबूल. पण ती चकती वाकली तर फाट्यावरच्या मिस्त्रीकडे इलाज नाही. रबराचे ब्रेक तो पाच मिनिटांत बदलतो.

याच मिस्त्रीनं मला आकड्यांचं एक कोडं सोडवून दिलं. दुकानात सगळे 'सव्वीसची सायकल' म्हणतात, पण सव्वीस इंची दोन असतात. लेडीज सायकलीच्या बारीक टायरवर ३७-५९० असं काही उठवलेलं असतं आणि जाड टायरवर ५०-५५९. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमवर बसणाऱ्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. अठ्ठावीसचीही तीच कथा. जुन्या काळ्या सायकलीचा आकडा ६३५, शहरी हायब्रिडचा ६२२. सायकल घेण्याआधी आपल्या गावच्या दुकानात कोणतं टायर मिळतं ते विचारावं. बाभळीचा काटा काही ब्रँड पाहून शिरत नाही.

ती एकवीस गिअरची सायकल मी तोटा सोसून विकली. मग नातीला सोबत घेऊन दुसरी पाहिली. साधी पोलादी, बिनगिअरची, सरळ हँडल, जाड टायर, स्टँड आणि कॅरिअर. साडेसहा हजार. या वेळी तिला बसवून पाहिलं. सीटवरून उतरून दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून ती नीट उभी राहते का, ब्रेकच्या मुठीपर्यंत तिची बोटं पोचतात का. पहिल्या वेळी मी तिला दुकानात नेलंच नव्हतं. पाहुणचाराच्या लुगड्यासारखी सायकल परस्पर आणली होती.

पुढच्या वर्षी ती आठवीत जाईल. मानव विकास कार्यक्रमात निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, शाळा ५ किलोमीटरच्या आत असेल तर, सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम ३५०० वरून ५००० रुपये झाली. सायकलीवरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. एवढ्या पैशांत चकचकीत गिअरवाली शोधणाऱ्या आईबापांना मी अडवतो. थोडा आगाऊपणा होतो, पण निवृत्त माणसाला तेवढी मुभा असावी.

भाद्रपदातही पाऊस भरपूर झाला. सायकल दोनदा अडकली, असं तिनंच सांगितलं. तिनं आता कॅरिअरला बाभळीची एक तासलेली काडी बांधून ठेवली आहे, माती उकरायला. पेपर बुडाला तो शाळेनं नंतर घेतला.

परवा तिचा फोन आला. ''आबा, येताना एक ट्यूब आणा. पन्नास, पाचशे एकोणसाठ. दुकानात नुसतं सव्वीस म्हणू नका.''