लेखणी आपली, दुकान दुसऱ्याचे

मृग जवळ आला की नांदेडच्या मोंढ्यात आणि लातूरच्या बाजारात बी-बियाण्यांच्या दुकानांना पत्रके लागतात. त्याच सुमारास लातूरच्या शिकवणी वर्गांचे प्रवेश सुरू होतात, पुढे दसरा-दिवाळीचा कापडबाजार येतो. हा सगळा मजकूर कोणी तरी लिहितच असतो. मराठी घेऊन एम. ए. झालेली काही मुलेमुली आता नोकरी न धरता, घरी बसून, कामागणिक पैसे घेऊन तो लिहितात. त्यांना कॉपीरायटर म्हणतात.

या धंद्यात शब्द जुळवणे तितके अवघड नाही. रात्र जागून लिहिलेली ओळ दुकानदार एका फटक्यात खोडतो, आणि लिहिणाऱ्याला वाटते, खोडले ते मलाच! असे चार वेळा झाले की एक तर तो भांडतो, नाही तर मन मारून काहीही खरडू लागतो. दोन्हींत नुकसान त्याचेच. तेव्हा कामात राहूनही कामापासून अलिप्त कसे राहावे, एवढाच आपला विषय.

हा प्रश्न आजचा नव्हे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचेच पाहा. पत्र राजाचे, आशय राजाचा, मांडणी चिटणिसाची. ज्या कामासाठी पत्र गेले ते काम झाले की नाही, हीच त्याची परीक्षा. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. त्यात अक्षराचे वळण, ओळी, शाई, कागद यांची काळजी आहे. म्हणजे लेखन ही एक कारागिरी आहे, हे आपल्याकडे पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता एक उदाहरण कल्पून पाहू. सोयाबीनच्या बियाण्यासाठी तुम्ही लिहिलेत, ‘भूमातेच्या कुशीतले सुवर्णबीज’. दुकानदाराने ते काढून घातले, ‘पिशवीवरची उगवणशक्ती पाहा, पक्की पावती मागा’. तुम्हाला राग आला. पण विचार करा. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती किमान 70 टक्के असावी लागते. बी उगवले नाही तर दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्याच अंगावर पडतो. त्याला सुवर्णबीज नको, पावती हवी. मोंढ्यातल्या माणसाला गिऱ्हाईक कळते. त्या ओळीपुरता तो तुमच्यापेक्षा बरा लेखक ठरला, इतकेच.

दुकानदार नेहमीच बरोबर असतो असे मात्र नाही. तो चुकत असेल तर कारणासह एकदा स्पष्ट सांगावे. दुसऱ्यांदा सांगू नये. दुकान त्याचे आहे.

अलिप्तपणा नुसत्या उपदेशाने येत नाही. त्याला व्यवस्था लागते. काम घेतानाच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: पत्रक कोणासाठी, वाचून त्याने काय करावे, आणि दुरुस्त्या किती वेळा. मग दुरुस्ती आली की ती या कराराशी ताडून पाहता येते, मनाला लावून घ्यावी लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री आलेल्या शेऱ्याला सकाळी उत्तर द्यावे. ‘हे जमले नाही’ असा निरोप आला तर ‘कोणते वाक्य?’ एवढेच विचारावे. बोलणे वाक्यावर आले की माणूस बाजूला राहतो.

आणि पैसा! फळाची आशा सोडा असे सांगणे ठीक. मजुरीची आशा सोडू नये. काही रक्कम आगाऊ घ्यावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीत नसलेल्या लेखकाच्या मजकुराचा पहिला मालक साधारणपणे लेखकच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. म्हणून ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क तुमचा’ असे आधीच लिहून ठेवावे. हक्क दिला की ती ओळ विकली गेली. विकलेल्या बैलाला दुसऱ्याने कोणती झूल घातली, यावर आपण रुसून काय उपयोग?

मात्र अलिप्तपणा म्हणजे बेफिकिरी नव्हे. मधुमेह किंवा कर्करोग हमखास बरा करतो, असे औषधाचे पत्रक कोणी मागितले तर ‘मी फक्त लिहिणारा’ म्हणून हात झटकता येत नाहीत. 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने अशा जाहिरातींना बंदी आहे. शब्दांचा मोह सोडायचा, खरेखोटे सोडायचे नाही.

दुसऱ्याच्या मागणीवरून लिहिलेले हलकेच असते, हाही गैरसमज आहे. ग. दि. माडगूळकरांनी गीतरामायणाची 56 गीते 1955-56 साली पुणे आकाशवाणीसाठी आठवड्याच्या आठवड्याला लिहून दिली. उलट अरुण कोलटकर पाहा. मुंबईच्या जाहिरात व्यवसायात चित्र-मांडणीचे काम करून त्यांनी पोट भरले. कविता मात्र आपल्या चालीने लिहिली. ‘जेजुरी’ला 1977 साली राष्ट्रकुलाचे काव्यपारितोषिक मिळाले, आणि ‘भिजकी वही’ला त्यांच्या पश्चात साहित्य अकादमीचे.

म्हणून या धंद्यातल्या प्रत्येकाने दोन वह्या ठेवाव्यात. एक गिऱ्हाइकाची, तिच्यात त्याने हवे ते खोडावे. दुसरी आपली. आठवड्यातून एकदा तरी तिच्यात चार ओळी लिहाव्यात, कोणाच्या मागणीवाचून. ती भरत राहिली की पहिलीतली खाडाखोड फारशी बोचत नाही.