संत्र्याच्या फांदीवरचे राखाडी डाग रोग नव्हेत. औषध आणण्याआधी हे पाहा

वर्धा : कारंजा, आष्टी, आर्वी भागातल्या जुन्या संत्राबागांत फांद्यांवर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे राखाडी-पांढरे डाग दिसतात. बोटाने पुसले तर निघत नाहीत. मग कोणी म्हणतो बुरशी, कोणी म्हणतो डिंक्या, आणि पाहता पाहता औषधाची बाटली घरी येते. बहुतेक वेळा हा खर्च फुकट जातो.

हे डाग म्हणजे शैवाक, इंग्रजीत लायकेन. मसाल्यातलं दगडफूल याच कुळातलं. एकटी वनस्पती नाही ही. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं. झाडात मूळ शिरत नाही, रस शोषला जात नाही. पाऊस, दव आणि हवेतली धूळ एवढ्यावर भागतं. साल फक्त बसायला जागा.

मैदानी भागात सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांपैकी एक म्हणजे पिक्सिन कोकोज. आंब्याच्या खोडावर तर हमखास. रंग राखेसारखा, आकार साधारण गोल, रुपयाच्या नाण्यापासून तळहातापर्यंत. सालीला इतकं घट्ट चिकटलेलं की नखानेही सहज सुटत नाही. कडेला जेमतेम एक मिलिमीटर रुंदीच्या चपट्या पाकळ्या, त्यांच्या टोकांवर पांढुरकी भुकटी. खालची बाजू काळी. पाणी शिंपडलं की डाग हिरवट होतो, कारण आतलं शैवाल दिसू लागतं. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च असेल तर रात्री मारून पाहा, पिक्सिन पिवळं चमकतं. त्याच्यासारखंच दिसणारं डिरिनारिया मात्र चमकत नाही.

वाढ अगदी मंद, वर्षाला काही मिलिमीटर. म्हणून जागा टिकाऊ लागते. पेरूची (आपल्याकडचा जाम) साल पापुद्रे टाकते, त्यामुळे तिथे शैवाक फारसं टिकत नाही. आंब्याची जुनी साल जागची हलत नाही, तिथे मजेत पसरतं. बांधावरच्या काळ्या दगडांवर आणि जुन्या चुन्याच्या भिंतींवर वेगळ्या जाती असतात. दगडावरची पुष्कळदा रंग फासल्यासारखी चिकटलेली, चुन्यावरची काही पिवळी-केशरी. भिंतीवरची अशी केशरी पुटं अनेकांना जुन्या रंगाचे डाग वाटतात.

मग शैवाक वाळलेल्या, रोगट झाडावरच जास्त का दिसतं? इथेच गफलत होते. झाड अशक्त झालं की पानं विरळ होतात, फांदीवर ऊन पोचतं, सालीची वाढ मंदावते. शैवाकाला हेच हवं असतं. म्हणजे ते दुखण्यानंतर आलं, दुखणं घेऊन नाही. डागावर फवारणी करून झाड सुधारणार नाही. मुळं कुजली का, पाणी साचतं का, ते आधी पाहायचं.

खरा डिंक्या वेगळा. जमिनीजवळ खोडातून डिंक पाझरतो, साल तडकते, आत तपकिरी पडते. त्यासाठी पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डोमलम लावतात : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचुदातल्या तांब्याने शैवाकही मरतं, म्हणून मलम लावलेलं खोड स्वच्छ आणि वरच्या फांद्यांवर डाग असं चित्र दिसतं. पानांवर काजळीसारखा थर असेल तर ती कोळशी, काळ्या माशीच्या चिकट द्रवावर वाढणारी. पांढरा कापूस दाबल्यावर चिरडला तर तो पिठ्या ढेकूण. या तिन्हींचा इलाज वेगवेगळा. शंका असेल तर फांदीचा जवळून, उजेडात फोटो काढून सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा.

एक गोष्ट मात्र करू नका. झाडावरचं खरवडून मसाल्यात टाकायचं नाही. बाजारातलं दगडफूल मुख्यतः हिमालय आणि दक्षिणेतल्या डोंगरांतून येतं, त्याच्या जाती मोठ्या, पानासारख्या. नाव दगडाचं असलं तरी बरंचसं झाडांच्या सालीवरूनच गोळा होतं. आपल्या रस्त्याकडेच्या झाडावरचं शैवाक हवेतली धूळ आणि धुरातले जड धातू अंगात साठवतं. शास्त्रज्ञ हवेची तपासणी करायला पिक्सिन वापरतात ते त्यामुळेच.