परिपथापासून वितरणापर्यंत : वीजहानीचे गणित

वीजक्षेत्रावरील चर्चेत निर्मितीक्षमतेच्या आकड्यांना नेहमीच अग्रस्थान मिळते. किती मेगावॉटचे प्रकल्प उभे राहिले आणि किती घरांत वीज पोहोचली, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु निर्माण झालेल्या विजेपैकी किती वीज प्रत्यक्ष उपयोगात आली, हा प्रश्न अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने तितकाच निर्णायक आहे. तारांमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया गेलेल्या प्रत्येक युनिटसाठीही कोळसा जाळावा लागतो आणि त्याचा भार अखेर ग्राहकावर किंवा शासनाच्या तिजोरीवर पडतो. ही हानी का होते आणि ती कशी आटोक्यात आणता येते, याचे उत्तर शालेय पाठ्यपुस्तकातील साध्या विद्युत परिपथात सापडते. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात विज्ञान आणि अर्थव्यवस्था हे विषय स्वतंत्रपणे वाचले जातात. वीजवितरणाचा प्रश्न मात्र दोन्हींची सांगड घातल्याशिवाय उलगडत नाही.

शक्ती आणि ऊर्जा

परिपथातील विद्युत दाब व्होल्टमध्ये, विद्युतधारा अँपिअरमध्ये आणि रोध ओहममध्ये मोजतात. जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार दाब म्हणजे धारा आणि रोध यांचा गुणाकार होय. दाब आणि धारा यांच्या गुणाकारास विद्युत शक्ती म्हणतात व ती वॅटमध्ये मोजतात. शक्ती म्हणजे ऊर्जा वापरण्याचा वेग. या वेगाला काळाने गुणले असता ऊर्जा मिळते. एक किलोवॉट शक्तीचे उपकरण एक तास चालल्यास एक युनिट, म्हणजेच ३६ लाख ज्यूल ऊर्जा खर्च होते. प्रकल्पाची क्षमता मेगावॉटमध्ये आणि विजेचे देयक युनिटमध्ये का असते, याचा उलगडा या भेदातून होतो.

जेम्स ज्यूल यांनी १८४१ मध्ये दाखवून दिले की, वाहकात निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट झाली तर हानी चौपट होते आणि तिप्पट झाली तर नऊपट. वीजवितरणाचे जवळजवळ सारे अर्थशास्त्र या एका नियमाभोवती फिरते.

एका वाहिनीचे उदाहरण

समजा, रोहित्रापासून २३० व्होल्ट दाबाने निघणाऱ्या एका लघुदाब वाहिनीचा जाण्यायेण्याचा एकूण रोध एक ओहम आहे. तिच्यातून १० अँपिअर धारा वाहिली, तर २,३०० वॅट शक्ती निघते, १०० वॅट तारांत वाया जाते आणि टोकाला २२० व्होल्ट दाब मिळतो. येथे कार्यक्षमता, म्हणजे निघालेल्या शक्तीपैकी उपयोगात आलेल्या शक्तीचे प्रमाण, सुमारे ९६ टक्के आहे. धारा २० अँपिअर झाली की हानी ४०० वॅट होते व कार्यक्षमता ९१ टक्क्यांवर येते. ३० अँपिअरला हानी ९०० वॅटवर पोहोचते, दाब २०० व्होल्टपर्यंत उतरतो आणि कार्यक्षमता ८७ टक्के उरते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे सरासरी आणि सीमांत यांतील फरक लक्षात घ्यावा. ३० अँपिअरला सरासरी हानी १३ टक्के दिसते. पण २० वरून ३० अँपिअरवर जाताना निघालेल्या जादा २,३०० वॅटपैकी ५०० वॅट, म्हणजे जवळजवळ २२ टक्के वाया जातात. सर्वाधिक मागणीच्या वेळचे युनिट म्हणूनच सर्वांत महाग असते. वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत २०२३ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या दुरुस्तीनुसार सौरऊर्जा उपलब्ध असणाऱ्या तासांसाठी कमी व कमाल मागणीच्या तासांसाठी अधिक दर ठेवण्याची तरतूद झाली. दिवसा मिळणारी स्वस्त सौरवीज हे तिचे प्रमुख कारण असले, तरी वाहिनीवरील हानीचे गणितही तिच्याच बाजूचे आहे.

याच वाहिनीवर भार वाढवत नेला, तर एक मर्यादा येते. भाराचा रोध वाहिनीच्या रोधाइतका झाला की टोकाला जास्तीत जास्त शक्ती, सुमारे १३ किलोवॉट मिळते. परंतु तितकीच शक्ती तारांत नष्ट होते आणि दाब निम्म्यावर येतो. कमाल शक्ती आणि कमाल कार्यक्षमता या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते. वीजव्यवस्थेचे उद्दिष्ट दुसरे असते.

टोकाचा शेतकरी

वरील आकडे ग्रामीण भागातील परिचित तक्रारीचे स्पष्टीकरण देतात. लांब लघुदाब वाहिनीवर अनेक कृषिपंप एकाच वेळी सुरू झाले की टोकाच्या शेतकऱ्याला पुरेसा दाब मिळत नाही. दाब कमी झाला, तरी तेवढेच पाणी उपसण्यासाठी मोटार अधिक धारा खेचते. या वाढीव धारेने वाहिनीतील हानी वाढते, दाब आणखी घसरतो आणि मोटारीचे वाइंडिंगही वर्गाच्या नियमानुसार तापून अखेर जळते. रोहित्राजवळच्या आणि टोकाच्या शेतकऱ्याला वीजदर एकच असला, तरी मिळणारी वीज सारख्या दर्जाची नसते.

यावर दोन तांत्रिक उपाय आहेत. पहिला, उच्चदाब वाहिनी शेतापर्यंत नेऊन तेथे लहान रोहित्र बसवण्याचा. ११ किलोवॉट शक्ती २२० व्होल्टने पाठवण्यास ५० अँपिअर धारा लागते, तर ११,००० व्होल्टने पाठवण्यास केवळ एक अँपिअर पुरते. दाब ५० पट झाल्याने तेवढ्याच रोधाच्या तारेतील हानी अडीच हजारांश होते. राज्याराज्यांतून वीज वाहून नेणाऱ्या पारेषण वाहिन्या ४०० व ७६५ किलोव्होल्टच्या असण्यामागेही हेच तत्त्व आहे.

दुसरा उपाय कपॅसिटरचा. प्रत्यावर्ती धारेच्या परिपथात मोटार काही धारा केवळ चुंबकीय क्षेत्र उभारण्यासाठी घेते. त्या धारेने काम होत नाही, तार मात्र तापते. एकूण धारेचा किती भाग प्रत्यक्ष कामी येतो, हे पॉवर फॅक्टर सांगतो. तेवढेच काम व तेवढाच दाब असताना पॉवर फॅक्टर ०.७ वरून ०.९५ वर नेल्यास वाहिनीतील हानी सुमारे ४६ टक्क्यांनी घटते. कपॅसिटरचा खर्च त्या मानाने अल्प असतो.

भौतिकीची हानी, व्यवस्थापनाची हानी

परीक्षार्थींचा गोंधळ होतो तो एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी या संज्ञेबाबत. वितरण कंपनीला १०० युनिट वीज मिळाली, त्यांपैकी ८५ युनिटचे देयक दिले गेले आणि त्या देयकांच्या ९४ टक्के वसुली झाली, तर पैसे जवळजवळ ८० युनिटचेच मिळाले. म्हणून ही हानी २० टक्के ठरते. तारा व रोहित्रांतील हानी हा तिचा केवळ एक भाग आहे. वीजचोरी, सदोष मीटर आणि थकबाकी हा उरलेला भाग. पहिल्यावर उपाय भांडवली गुंतवणुकीचा, दुसऱ्यावर मोजणी व वसुलीचा. नवे रोहित्र बसवून चोरी थांबत नाही आणि स्मार्ट मीटर बसवून तारेचा रोध कमी होत नाही.

देशपातळीवर ही हानी २०२०-२१ मध्ये सुमारे २२ टक्के होती. २०२३-२४ मध्ये ती सुमारे १६ टक्के राहिली. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या, तीन लाख कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत स्मार्ट मीटर आणि वाहिन्यांचे बळकटीकरण हे दोन्ही घटक ठेवण्यामागे हेच तर्कशास्त्र आहे.

बचत मागे मागे वाढत जाते

कार्यक्षमतेचा आणखी एक नियम असा की, साखळीतील टप्प्यांच्या कार्यक्षमतांचा गुणाकार होतो. समजा, औष्णिक केंद्राची कार्यक्षमता ३५ टक्के, वहनाची ८५ टक्के आणि पंपाची ४० टक्के आहे. मग कोळशातील ऊर्जेपैकी सुमारे १२ टक्केच पाणी उचलण्याच्या कामी येते. याची दुसरी बाजू आशादायक आहे : वीज वापराच्या ठिकाणी एक युनिट वाचले, तर कोळशातील तीन युनिटांहून अधिक ऊर्जा वाचते.

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ आणि त्यानुसार २००२ मध्ये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे महत्त्व या संदर्भात समजते. उपकरणांवरील तारांकित लेबलांची योजना २००६ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही ती सक्तीची झाली. जानेवारी २०१५ मधील उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. ६० वॅटच्या जुन्या दिव्याऐवजी साधारण तेवढाच प्रकाश देणारा ९ वॅटचा दिवा रोज पाच तास वापरल्यास वर्षाला ९३ युनिट वाचतात. केवळ दिव्यांचाच भार असलेल्या वाहिनीवर हा बदल झाला आणि पॉवर फॅक्टर समान राहिला, तर धारा १५ टक्क्यांवर येते आणि तारांतील हानी जेमतेम सव्वादोन टक्क्यांवर. हा लाभ देयकावर दिसत नाही. तो वाहिनीच्या टोकाला सुधारलेल्या दाबाच्या रूपाने दिसतो.

म्हणून वीजक्षेत्रातील कोणत्याही योजनेचे मूल्यमापन करताना विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत : तिच्यामुळे तारांमधील धारा कमी होते काय, दिलेल्या विजेची मोजणी व वसुली सुधारते काय आणि अंतिम उपकरणाची कार्यक्षमता वाढते काय. ज्या योजनेकडे यांपैकी एकाही प्रश्नाचे होकारार्थी उत्तर नाही, ती निर्मितीचे आकडे वाढवू शकेल. परंतु वाहिनीच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याची मोटार जळायची थांबवू शकणार नाही.