फुग्याचा हात, मायेचा आधार

माहूरगडावर रेणुकामातेच्या पायऱ्या चढताना वयस्कर माणसाला हाताचा आधार लागतो. तो हात बळकट हवा, पण दुखवणारा नको. रुग्णसेवेसाठी यंत्रमानव बनवणाऱ्यांपुढे हाच पेच आहे. धातूच्या जड हाताचा नुसता धक्काही इजा करू शकतो.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात ख्रिस ॲटकेसन यांच्या चमूने हवा भरून फुगवलेला हात बनवला. तो हलका असतो आणि अंगाला लागला तर स्वतःच दबतो. तो पाहून दिग्दर्शक डॉन हॉल यांना 'बिग हीरो ६' (२०१४) या ॲनिमेशनपटातला गुबगुबीत रुग्णसेवक 'बेमॅक्स' सुचला. पुढे ॲटकेसन खराखुरा बेमॅक्स बनवण्याच्या मागे लागले.

बेमॅक्सचा चेहरा म्हणजे दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ. ही कल्पना जपानी मंदिरातल्या घंटेवरून आली. यंत्र जवळजवळ माणसासारखे दिसू लागले की पाहणारा बिचकतो, असे जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच मांडले होते. आजाऱ्याला म्हणूनच साधा चेहरा बरा.

फुगवलेल्या हातात नेमकेपणा आणि ताकद मात्र कमी असते, शिवाय हवा गळण्याची भीती. तोवर पायऱ्यांवर आधार माणसाच्याच हाताचा.